सिट, डाउन, स्टँड, हील: कुत्र्याला अचूक पोझिशन शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सिट’ म्हटल्यावर बसणारे कुत्रे घरोघर असतात. पण जिथल्या तिथे, सरळ, दोन्ही मांड्यांवर सारखा भार देऊन आणि पहिल्याच शब्दाला बसणारा कुत्रा सहसा दिसत नाही. हा फरक कुत्र्याच्या हुशारीचा नसतो. खाऊ कुठे मिळाला, कधी मिळाला आणि कशासाठी मिळाला, एवढ्यावर तो ठरतो. खालची सगळी उत्तरं शेवटी याच तीन गोष्टींपाशी येतात.

आमच्या कुत्र्याला सिट-डाउन येतं. मग वेगळं काय शिकवायचं?

तुमच्या कुत्र्याला ‘बसणे’ ही क्रिया येते. पोझिशन म्हणजे क्रिया अधिक जागा अधिक शरीराची ठेवण. उदाहरणार्थ, हील म्हणजे नुसतं ‘शेजारी’ नाही. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला, तुमच्या तोंडाच्याच दिशेला तोंड करून, आणि त्याच्या डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग तुमच्या डाव्या कमरेच्या रेषेत, अशी ती जागा आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांतही हीलची व्याख्या अशीच आहे. फ्रंट म्हणजे समोर येऊन सरळ बसणं, इतक्या जवळ की पाय न हलवता तुमचा हात सहज त्याच्या डोक्याला लागावा. फिनिश म्हणजे फ्रंटमधून परत हीलमध्ये जाणं. सिट, डाउन आणि स्टँड या तिघांत बघायचं ते एवढंच, की पोझिशन बदलताना कुत्रा किती सरकतो.

शिकवायला घेण्याआधी प्रत्येक पोझिशनचं चित्र स्वतःच्या डोक्यात पक्कं करा. ‘साधारण असं’ म्हणून सुरुवात केली की साधारणच मिळतं.

सामान काय लागेल?

फारसं काही नाही. कमरेला अडकवायची खाऊची पिशवी किंवा खोल खिसा, एक पाट, रबराची चटई आणि मोबाइल टेकवायला काहीतरी. मोबाइल व्हिडिओसाठी हवा, कारण कुत्र्याचे मागचे पाय तुम्हाला वरून दिसत नाहीत.

पाट म्हणजे आपला जेवायला बसायचा लाकडी पाटच. परदेशात यासाठी खास प्लॅटफॉर्म विकतात, पण लॅब्रॅडॉरएवढ्या कुत्र्याचे पुढचे दोन पाय मावायला आपला पाट अगदी मापाचा असतो. पॉलिश केलेल्या पाटावर पंजे घसरतात, म्हणून वर जुनं पायपुसणं किंवा योगा मॅटचा तुकडा पक्का चिकटवा. खालीही रबर लावा, नाहीतर पाट फरशीवर पळतो आणि कुत्रा एकदा घाबरला की आठवडाभर त्याच्याकडे फिरकत नाही. (जेवणावळीचा ठेवणीतला पाट मात्र घेऊ नका. नखांचे ओरखडे जात नाहीत.) लहान कुत्र्याला जाड पुस्तकावर मॅट गुंडाळून चालते. पालथं घमेलं मात्र नको. ते डगमगतं आणि वाजतं.

खाऊ कोणता आणि किती?

मऊ, वाटाण्याच्या निम्म्या आकाराचा, दोन सेकंदांत गिळून होणारा. मिठाशिवाय उकडलेलं बोनलेस चिकन सर्वांत सोयीचं. पनीर, उकडलेलं अंडं, थोडी कलेजीही चालते. ग्लुकोज बिस्किट या कामाला वाईट. त्यात साखर असते हा एक भाग झाला, पण मुख्य अडचण चुऱ्याची. चुरा फरशीवर पडला की कुत्रा तो हुंगायला मान खाली घालतो आणि पोझिशन मोडते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं काहीही कुत्र्याला विषारी आहे, (झायलिटॉल म्हणजे बिनसाखरेच्या पदार्थांतला गोडवा) त्यामुळे घरच्या रश्श्यातलं चिकन धुऊन द्यायचा मोह टाळा.

प्रमाणाचा हिशेब असा: दिवसभराचा खाऊ एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा. २५ किलोच्या, बेताची हालचाल असणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२५० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला १२५. उकडलेल्या चिकन ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १६५ कॅलरी असतात, तेव्हा ७५ ग्रॅम चिकन पुरे. अर्ध्या ग्रॅमचे तुकडे केले तर त्याचे दीडशे होतात. दीडशे बक्षिसं एका दिवसात बहुतेकांकडून संपत नाहीत. तरीही तेवढं जेवण त्या दिवशी कमी करा.

क्लिकर लागतोच का?

क्लिकर म्हणजे दाबल्यावर ‘टिक’ वाजणारी छोटी डबी. तीच हवी असं नाही, पण मार्कर हवाच. मार्कर म्हणजे ‘आत्ता जे केलंस त्याचा खाऊ येतोय’ हे सांगणारा छोटा, नेहमी सारखाच आवाज. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात प्राण्यांच्या प्रशिक्षणात तो रुळवला. पुढे डॉल्फिनला शिट्टी आणि कुत्र्याला क्लिकर, असा त्याचा प्रवास झाला. दूर पोहणाऱ्या डॉल्फिनच्या तोंडात नेमक्या क्षणी मासा टाकता येत नाही, पण नेमक्या क्षणी शिट्टी वाजवता येते. कुत्र्याचं कुल्हं जमिनीला टेकतं तो क्षणही असाच पाव सेकंदाचा असतो.

तोंडी मार्कर वापरायचा तर ‘येस’ किंवा ‘टक्’ असा तुटक शब्द घ्या. ‘शाब्बास’ लांब आहे आणि घरात इतरांनाही म्हटला जातो. आधी १५-२० वेळा काहीही न करायला लावता शब्द, मग खाऊ, असं करा. शब्द ऐकताच कुत्रा मान वळवायला लागला की मार्कर तयार झाला.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे हात आधी पिशवीत जातो आणि शब्द नंतर येतो. मग कुत्रा शब्द ऐकतच नाही, हात बघतो. क्रम असा: शब्द, क्षणभर थांबा, मग हात. व्हिडिओत बघितल्याशिवाय ही चूक स्वतःला सापडत नाही.

खाऊ हातात धरून नाकासमोर फिरवणं ही फसवणूक नाही का?

आमिष सुरुवातीला चांगलं, फार दिवस राहिलं की वाईट. पाच-सहा वेळा हातात खाऊ धरून हालचाल करून घ्या. सातव्या वेळी हात तसाच, बोटं तशीच, पण रिकामा. कुत्र्याने हालचाल केली की मार्कर, आणि खाऊ दुसऱ्या हातातून. दुसऱ्याच सत्रात आमिष गेलं पाहिजे. महिनाभर आमिषावर राहिलेल्या कुत्र्याला पोझिशन ठाऊक नसते. खाऊच्या मागे नाक नेणं तेवढं त्याला येतं.

सिट सरळ आणि जिथल्या तिथे कशी येईल?

कुत्रा दोन प्रकारे बसतो. एकात पुढचे पाय जागेवर राहतात आणि मागचे पाय पुढे ओढून घेतले जातात. याला टक सिट म्हणतात. दुसऱ्यात कुत्रा मागे रेलून बसतो, पुढचे पाय मागे येतात आणि अख्खा कुत्रा वीतभर मागे सरकतो. अचूकतेसाठी पहिली.

बहुतेकांना खाऊ डोक्यावरून मागे नेऊन बसवायला शिकवलेलं असतं, आणि त्यातूनच मागे रेलणं येतं. त्याऐवजी कुत्र्याचे पुढचे पाय पाटाच्या पुढच्या कडेला लागून ठेवा, हात नाकापासून सरळ वर उचला, अगदी किंचित पुढे. मान वर गेली की मागचे पाय आत येतात. टेकताच मार्कर, आणि खाऊ तिथेच वर, पुढच्या पायांच्या रेषेवर द्या. खाली वाकून दिलात तर कुत्रा खाली घसरेल. मागे दिलात तर रेलेल.

एका कुल्ह्यावर लोळून बसणं पिल्लांत खूप दिसतं. अरुंद पाटावर, म्हणजे खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन बोटंच जास्त रुंद अशा फळीवर, लोळायला जागा नसते आणि सिट आपोआप सरळ होते. मात्र आधी सरळ बसणारा मोठा कुत्रा अचानक लोळून बसायला लागला तर तो शिकवण्याचा प्रश्न नाही. पशुवैद्याकडे न्या. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचं दुखणं बरंच असतं.

डाउन करताना तो आधी बसतो आणि मग पुढे सरपटतो. काय चुकतं?

तुम्ही खाऊ आधी खाली आणि मग जमिनीवरून पुढे ओढता, हे चुकतं. उभ्या कुत्र्यापासून सुरू करा. खाऊ नाकापासून खाली आणि मागे, पुढच्या दोन पायांच्या मधल्या जागेकडे, तिरका न्या. कुत्रा आधी वाकतो, मग घडी घातल्यासारखा कोपरं आणि मागचा भाग एकदमच खाली सोडतो. पहिल्या काही वेळा नुसती कोपरं वाकली तरी मार्कर द्या. खाऊ पायांच्या मध्ये, जमिनीवर ठेवा, म्हणजे हनुवटी खाली राहते आणि उठायची घाई होत नाही.

कारवानी किंवा मुधोळसारख्या सडपातळ, कमी चरबीच्या कुत्र्यांना उघड्या फरशीवर कोपरं टेकवणं खुपतं. त्यांना ‘हट्टी’ ठरवण्याआधी खाली घडी घातलेली सतरंजी टाकून बघा. निम्मा हट्ट तिथेच जातो.

स्टँड इतकी अवघड का?

कारण घरात कुणी तिला बक्षीस देत नाही. सिटला बिस्किट मिळतं, डाउनला मिळतं, उभं राहण्याबद्दल कुणी काही देत नाही. त्यामुळे गोंधळलेला कुत्रा उभा राहत नाही, बसतो.

शिवाय उभं राहायच्या दोन तऱ्हा आहेत. पुढे पाऊल टाकून उठणं सोपं, पण त्यात कुत्रा पुढे सरकतो. आपल्याला हवंय ते पुढचे पाय रोवून मागचे मागे फेकणं. बसलेल्या कुत्र्याचे पुढचे पाय पाटावर ठेवा, खाऊ नाकासमोरून किंचित खाली आणि त्याच्याच छातीच्या दिशेने ढकला. मागचा भाग उचलला गेला की मार्कर. खाऊ छातीच्या उंचीवर, त्याला जराही पुढे यावं लागणार नाही असा द्या.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. टक सिटमध्ये मागचे पाय पुढे येतात. स्टँडही पुढे पाऊल टाकून असेल तर पुढचे पाय पुढे जातात. म्हणजे सिट-स्टँड-सिट-स्टँड करताना कुत्रा सुरवंटासारखा पुढे सरकत राहतो, आणि मालक म्हणतो ‘हा जागेवर राहतच नाही’. टक सिटबरोबर मागे लाथ मारणारी स्टँडच हवी. तिन्ही पोझिशनमध्ये पुढचे पाय हाच खुंटा धरा.

हील शिकवायला चालायला कधी सुरू करायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या बऱ्याच नंतर. हीलची अडचण पुढच्या टोकाला नसते, मागच्या टोकाला असते. बहुसंख्य कुत्र्यांना आपल्याला मागचे पाय आहेत आणि ते बाजूला टाकता येतात हे ठाऊकच नसतं, ते पुढच्या पायांमागून फरफटत येतात. म्हणून पाट.

पहिली पायरी: पुढचे दोन पाय पाटावर. नुसतं चढलं तरी मार्कर आणि खाऊ, पाटावरच. दोन छोट्या सत्रांत कुत्रा पाट दिसताच चढायला लागतो.

दुसरी: तुम्ही कुत्र्यासमोर उभे. तुमच्या उजवीकडे एक छोटं पाऊल टाका. कुत्रा तुमच्याकडे तोंड ठेवायला मागचे पाय त्याच्या उजवीकडे टाकेल. मागचा एकच पाय हलला तरी मार्कर. खाऊ देताना हात त्याच्या तोंडाच्या किंचित त्याच्या डावीकडे न्या, म्हणजे मान तिकडे वळते आणि मागचा भाग अजून उजवीकडे जातो. पूर्ण गोल फिरायला काहींना तीन दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. घाई करू नका, सगळी हील याच पायरीवर उभी आहे.

तिसरी: आता समोर उभं न राहता पाटाच्या शेजारी या, कुत्रा तुमच्या डावीकडे राहील असे. जागच्या जागी डावीकडे थोडं वळा. मागचा भाग तुमच्या पायाला येऊन चिकटेल. तो क्षण पकडा. वळण सुरुवातीला घड्याळातल्या पाच मिनिटांएवढं, मग दहा, मग पंधरा.

चौथी: पाटाऐवजी तेवढीच मॅट, मग मॅटची घडी, मग काहीच नाही. या टप्प्यावर थोडी पडझड होते. झाली तर एक पायरी मागे.

पाचवी: एक पाऊल. मार्कर, खाऊ. परत एक पाऊल. अशी वीस एकेक पावलं झाल्याशिवाय दोन नाहीत. रस्त्यावर फिरायला नेतानाचं चालणं आणि हे चालणं वेगळं ठेवा. फिरायला जाताना कुत्र्याला हुंगू द्या, तिथे हीलचा शब्द वापरू नका.

तो हीलमध्ये पुढे पळतो आणि मागचा भाग बाहेर काढतो.

खाऊ उजव्या हातातून, पोटासमोरून देताय का? तसं असेल तर कुत्र्याचं डोकं तुमच्या पुढ्यात वळतं आणि मागचा भाग तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखा बाहेर जातो. खाऊ डाव्या हातातून, पँटच्या डाव्या शिवणीला लागून, उलट किंचित बाहेरच्या अंगाला द्या. फारच पुढे येत असेल तर शिवणीच्याही मागे. जो कुत्रा मागे रेंगाळतो त्याला उलट: खाऊ थोडा पुढे. खाऊ जिथे येतो तिथे कुत्रा येतो, आणि पट्टा ओढून हे कधीच इतकं नेमकं होत नाही.

समोर येतो, पण वाकडा बसतो.

दोन लोड किंवा गुंडाळलेल्या सतरंज्या समांतर ठेवून गल्ली करा, रुंदी कुत्र्यापेक्षा चार बोटं जास्त. तुम्ही एका टोकाला. कुत्रा आत आला की सरळच बसतो, कारण दुसरी सोय नाही. खाऊ दोन्ही हात जोडून, शरीराच्या बरोबर मध्यावरून द्या. एका हाताने दिला की कुत्रा त्या हाताकडे झुकतो, मग त्याला वाकडा म्हणून उपयोग नाही.

नंतर गल्ली काढा आणि कोन बदला. तुम्ही घड्याळाच्या मध्यभागी उभे आहात असं समजा. कुत्रा बारा वाजल्यापासून सरळ येतो का, मग एक, अकरा, दोन, दहा. तीन आणि नऊपर्यंत पोचलात की फ्रंट झाली.

वाकड्या सिटला हाताने ढकलून सरळ करू नका, आणि ‘सरक, सरक’ म्हणत त्याला सुधारायला लावून मग खाऊही देऊ नका. त्यातून कुत्रा ‘वाकडं बसायचं, मग सरळ व्हायचं, मग खाऊ’ अशी साखळी शिकतो. एक तुकडा दूर फेका, तो खाऊन येऊ दे, नव्याने संधी द्या. लागोपाठ दोनदा वाकडा आला तर आधी स्वतःची पावलं बघा. पावलं किंवा खांदे तिरके असतील तर कुत्रा त्यांच्याशी सरळच बसलाय.

फिनिश?

पाटावरचं वळण पक्कं असेल तर ती जवळजवळ आयती मिळते. फ्रंटमधून तुम्ही उजवीकडे वळत गेलात की कुत्रा मागचा भाग फिरवत शेजारी येतो. हळूहळू तुमचं वळणं कमी करत शून्यावर आणा.

शब्द कधी जोडायचा? मराठी की इंग्रजी?

दहापैकी आठ वेळा हालचाल हवी तशी व्हायला लागली की. त्याआधी शब्द वापरलात तर तो अर्ध्या-कच्च्या हालचालीला चिकटतो. क्रम: शब्द, एक सेकंद, मग हाताची खूण. शब्द आणि हात एकाच वेळी दिले तर कुत्रा हातच बघतो आणि शब्द त्याच्या कानी पडतच नाही. हात आणि शब्द यांत नेहमी हातच जिंकतो.

भाषा कुत्र्याला सारखीच. अडचण घराला असते. ‘बस’ हा शब्द मराठी घरात दिवसातून पन्नास वेळा येतो: पाहुण्यांना, मुलांना, ‘बस झालं आता’ म्हणताना, स्टॉपवरच्या एसटीबद्दल. प्रत्येक वेळी कुत्रा बसला नाही की शब्दाची धार जाते. म्हणून बरेच जण ‘सिट’ घेतात, त्यात इंग्रजीचा सोस नाही. ‘चल’चंही तसंच. पोझिशन सोडायचा शब्द ‘चल’ ठेवला तर घरातलं कुणीही नकळत कुत्र्याला उठवतं. ‘मोकळा’ किंवा ‘फ्री’ घ्या. आणि फ्रिजवर यादी चिकटवा, म्हणजे आजोबा ‘बैठ’ आणि नात ‘सिट डाउन’ म्हणणार नाही. ‘सिट डाउन’मध्ये तर दोन हुकूम आहेत, कुत्र्याने कोणता पाळावा?

रोज किती वेळ?

दोन ते तीन मिनिटं, दिवसातून तीनदा. एका सत्रात एकच पोझिशन, दहा-बारा वेळा. अर्धा तास सलग शिकवलेल्या कुत्र्याची शेवटची वीस मिनिटं ढिसाळ पोझिशन पक्की करण्यात जातात.

पुढे कधी जायचं ते पाच-पाचच्या मोजणीने ठरवा. पाचपैकी पाच बरोबर: अवघड करा. तीन-चार: तिथेच थांबा. दोन किंवा कमी: सोपं करा. मनात ठरवू नका, पाच तुकडे मोजून बाजूला ठेवा.

पोझिशन धरून ठेवणं कसं वाढवायचं?

वेळ, अंतर आणि व्यत्यय या तीन गोष्टी आहेत. एक वाढवताना बाकीच्या दोन कमी करा. वेळ सरळ चढत्या क्रमाने वाढवली तर कुत्र्याला कळतं की प्रत्येक वेळी अवघडच होणार, आणि तो आधीच उठतो. सेकंद असे घ्या: १, ३, २, ५, १, ४, ७, २. खाऊ पोझिशनमध्येच द्या, कुत्र्यापाशी परत जाऊन. स्टेमधून, म्हणजे थांबून राहिलेला असताना, नेहमी हाक मारून बोलावलंत तर तो बसल्या बसल्या हाकेची वाट बघतो आणि एक दिवस न बोलावता येतो.

लांबून सिट-डाउन-स्टँड बदलायला लावणं हे शेवटचं काम. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ऑबिडियन्स (आज्ञापालन) स्पर्धेत वरच्या वर्गात हे १५ मीटरवरून करावं लागतं, आणि कुत्रा किती सरकला ते पाहून गुण जातात. एका पावलाच्या अंतरापासून सुरू करा, पाट कुत्र्याच्या पुढच्या पायांखाली, आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यायला तुम्हीच त्याच्याकडे जा. लांबून फेकलेला खाऊ कुत्र्याला पुढे ओढतो. फेकायचाच तर त्याच्या मागे फेका.

खाऊ दिसला तरच ऐकतो.

म्हणजे खाऊ दिसणं हाच हुकूम झालाय. खाऊची पिशवी अंगावरून काढा, डबा टेबलावर किंवा खिडकीत ठेवा. हात रिकामे. पोझिशन, मार्कर, मग दोघांनी मिळून डब्याकडे जायचं आणि खाऊ घ्यायचा. पहिल्या दिवशी डबा दोन पावलांवर, नंतर दुसऱ्या खोलीत. बक्षीस बंद करायचं नाही, ते फक्त नजरेआड करायचं.

घरात उत्तम करतो, खाली सोसायटीत काहीच नाही.

कुत्रा ‘सिट’ शिकतो तेव्हा ‘हॉलमधल्या निळ्या मॅटवर, आई समोर असताना सिट’ असं शिकतो. नव्या जागी पहिल्या पायरीपासून सुरू करा. दर वेळी कमी वेळ लागतो. क्रम साधारण असा चालतो: हॉल, स्वयंपाकघर, जिना, गच्ची, पार्किंग, शांत गल्ली. बाजार सगळ्यात शेवटी. दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात नवीन काही काढू नका.

फरशी गुळगुळीत आहे. फरक पडतो?

खूप. व्हिट्रिफाइड टाइल्सवर टक सिट आणि मागे फेकलेली स्टँड जवळपास अशक्य असते, पाय घसरतात आणि कुत्रा सुरक्षित म्हणून रेलून बसायला शिकतो. रबरी मॅट टाका. पंजांच्या गाद्यांमधले केस आणि वाढलेली नखं कापा. चालताना नखांचा फरशीवर टकटक आवाज येत असेल तर ती लांब आहेत. बाहेर सराव करताना उन्हाळ्यात हाताचा मागचा भाग सिमेंटवर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नको.

कोणत्या वयापासून?

आठ आठवड्यांपासून, पण एकेक मिनिट, आणि पाट जेमतेम बोटभर उंचीचा. मोठ्या जातींची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात, तोवर सिट-स्टँडच्या लांबलचक मालिका आणि उड्या नकोत. दहा वर्षांच्या कुत्र्यालाही शिकवता येतं. त्याला उठबस कमी, आणि हील-फ्रंटसारखी कामं उभ्याने द्या.

गावठी कुत्र्याला हे जमेल का?

हो. फरक एवढाच पडतो की रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला अंगावर वाकलेला माणूस आवडत नाही. सरळ उभे राहा, बाजूला तोंड करा, खाऊ हातातून घेत नसेल तर पाटावर ठेवा.

चोक चेन लावून, कंबर दाबून हे चार दिवसांत होतं म्हणतात.

बसणं होतं. कंबर दाबली की कुत्रा दाबाविरुद्ध पाय ताठ करतो, आणि तोच ताठरपणा पुढे प्रत्येक सिटमध्ये दिसतो: मंद, वाकडी, कान मागे. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेव्हियरने २०२१ साली सगळ्याच कुत्र्यांसाठी, सगळ्याच कामांसाठी बक्षिसाच्या पद्धतीची शिफारस केली आहे. अचूकतेच्या नजरेने बघितलं तरी दुखण्यापासून पळणारा कुत्रा ‘पुरेसं’ करून थांबतो, खाऊची जागा शोधणारा कुत्रा नेमकी जागा शोधतो.

स्पर्धेत कितपत अचूकता बघतात?

अमेरिकन केनेल क्लबच्या ऑबिडियन्समध्ये २०० पैकी किमान १७० गुण आणि शिवाय प्रत्येक व्यायामात निम्म्याहून जास्त लागतात. वाकडी सिट, उशिरा सिट, हीलमध्ये पुढे-मागे, सगळ्याला गुण कापतात. तिथल्या युटिलिटी या वरच्या वर्गात तर स्टँड, डाउन, सिट आणि बोलावणं एकही शब्द न उच्चारता, नुसत्या हाताच्या खुणांवर करावं लागतं. आयजीपी या काम करणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेत (२०१९ च्या आधी तिला आयपीओ म्हणत) मालक चालत असताना कुत्र्याला सिट, डाउन, स्टँडमध्ये सोडून तसाच पुढे जातो, मागे वळून न बघता. भारतात स्पर्धांचं काम केनेल क्लब ऑफ इंडिया आणि त्याला जोडलेले शहरोशहरीचे क्लब बघतात. उतरायचं असेल तर त्या वर्षीची नियमपुस्तिका आधी वाचा आणि मगच कोणती स्टँड, कोणती फिनिश ते ठरवा.

सगळं येत होतं, दोन आठवड्यांपासून डाउनला नकार देतोय.

आधी दुखणं तपासा: कोपर, खुबा, पाठ, नखाची भेग, पंजात रुतलेलं कुसळ. पावसाळ्यात बोटांच्या मध्ये बुरशी होते ती वरून दिसत नाही, बोटं फाकवून बघावी लागतात. सगळं ठीक असेल तर गेल्या दोन आठवड्यांत डाउननंतर काय घडलं ते आठवा. डाउन सांगून पट्टा अडकवला, औषध घातलं, आंघोळीला नेलं? मग पन्नास वेळा डाउननंतर फक्त चिकन घडू दे, आणि आंघोळीला न्यायचं तर कुठलाही शब्द न वापरता जाऊन घेऊन या.